फुफ्फुसांसाठी रक्ततपासणी: अँटीबॉडी करावी की केएल-६?

आमवात, स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होण्याचा आजार) किंवा मायोसायटिस (स्नायूंना सूज येण्याचा आजार) असलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागू लागली, कोरडा खोकला हटेना, तर सोलापुरात आधी टीबीची शंका येते. आयुष्य लूमवर गेलं असेल तर सगळं बिल कापसाच्या धुळीवर फाडलं जातं. हे वाताचे आजार फुफ्फुसांनाही इजा करू शकतात, पण टीबी नाही हे ठरल्यावर कुठे विषय वाताकडे वळतो, आणि लॅबची यादी हातात पडते.

सीआरपी आणि ईएसआर या सूज दाखवणाऱ्या तपासण्या गल्लीतल्या लॅबमध्येही होतात, स्वस्त आहेत. पण सूज गुडघ्यात आहे की फुफ्फुसात, हे त्यांना सांगता येत नाही. टोसिलिझुमॅब हे वाताचं औषध चालू असेल तर सीआरपी असाही खाली बसतो.

अँटीबॉडीचं (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या प्रथिनांचं) काम वेगळं. धोका कुणाला जास्त, हे त्या सांगतात. स्क्लेरोडर्मात एससीएल-७० ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल तर खोकला नसतानाही फुफ्फुसं तपासून घ्यावीत. मायोसायटिसमध्ये जो-१ ही अँटीबॉडी आणि तिची भावंडं बघतात. या अँटीबॉडींच्या आजारात बोटांच्या कडा खरखरीत होऊन भेगाळतात; विड्या वळणाऱ्या बाईच्या हातावर अशी भेग दिसली तर ती कामाचीच म्हणून सोडून दिली जाते. वर एएनए, म्हणजे अशा अँटीबॉडींची पहिली चाळणी, निगेटिव्ह आला की घरचे निर्धास्त. या गटात एएनए निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून मायोसायटिसचं पॅनेल (त्या अँटीबॉडींचा संच) वेगळं सांगावं लागतं. हा खर्च साधारण एकदाच करायचा. दर तीन महिन्यांनी तीच अँटीबॉडी करून उपचाराचा गुण कळत नाही.

केएल-६ हे फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या पेशींवरचं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात वाढतं. शोध १९८० च्या दशकातला, जपानमधला; तिथे ही तपासणी नेहमीची आहे आणि ५०० युनिट प्रति मिली ही सीमा वापरतात. आकडा वाढला म्हणजे वातामुळेच, असं मात्र नाही. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारात आणि काही कर्करोगांतही तो चढतो. निदान झालेल्या रुग्णाचा कल पाहायला मला तो उपयोगी वाटतो, पण दर वेळी लॅब आणि पद्धत तीच हवी. एसपी-डी ही रक्ततपासणीही त्याच जातीची. केएल-६ केल्यावर तिच्यावर वेगळे पैसे घालायची गरज मला दिसत नाही.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर? मग रक्त राहू द्या, एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन, करा. त्याला जोड पीएफटीची, म्हणजे फुंकायच्या तपासणीची. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही चाळणीसाठी याच दोन आहेत. नुसत्या छातीच्या एक्स-रेवर विसंबू नये, असं त्यात म्हटलंय. पीएफटीला जाण्याआधी फोन करून "डीएलसीओ होतं का?" एवढं विचारा; फुफ्फुसातून वायू रक्तात किती नीट जातो, हे त्यात मोजतात. बऱ्याच ठिकाणी नुसती स्पायरोमेट्री (फुंकून हवा मोजणं) करून कागद देतात, आणि सुरुवातीची घसरण अनेकदा डीएलसीओतच दिसते.

एका बाबतीत ही तुलना करत बसू नका. डोळ्यांच्या पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या सांध्यांवर चट्टे किंवा जखमा, आणि धाप दिवसागणिक वाढतेय, असं असेल तर एमडीए-५ या मायोसायटिसच्या अँटीबॉडीचा आजार असू शकतो. तो काही आठवड्यांत फुफ्फुसं निकामी करू शकतो. सॅम्पल बाहेरगावी गेलं असेल तर जाऊ दे. रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.