रुग्ण कल्याण समिती की जनसुनवाई?

सरकारी दवाखान्यावर गावाचा वचक ठेवायला खान्देशात दोन वाटा आहेत. पहिली रुग्ण कल्याण समिती, म्हणजे दवाखान्याचीच समिती; तिच्या हातात निधी असतो. जळालेली मोटर, फाटक्या गाद्या, बाकडी ही कामं तिथूनच मंजूर होतात. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात समितीचे सचिव खुद्द वैद्यकीय अधिकारीच! ज्याचा कारभार तपासायचा, इतिवृत्त त्याच्याच हातात.

दुसरी वाट लोकाधारित देखरेखीची, म्हणजे गावानेच आरोग्यसेवेवर लक्ष ठेवून जनसुनवाईत जाब विचारायचा. तिथे गाडं उलटं. राज्यात २००७ साली ही देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. गावकरीच आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरतात: हिरवा चांगला, पिवळा बरा, लाल वाईट. वाचता न येणाऱ्या बाईलाही लाल रंग कळतो. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना तोंडावर विचारायचं, नर्सताई पाड्यावर का येत नाही? औषध बाहेरून का आणायला लावता? अशा प्रश्नांना सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं, ही खरी गंमत.

मात्र जनसुनवाईला पैसा खर्चायचा अधिकार नाही, आणि चालवणारी संस्था हटली की ती थंडावते.

छपराच्या गळतीसाठी समितीच बरी. नंदुरबारातल्या धडगाव-मोलगीकडे दवाखान्यातला माणूसच जागेवर नसेल, तर माझं मत जनसुनवाईला.