गिझरचं ‘एरोजेल जॅकेट’: 12,680 रुपयांना पडलेला पॅकिंगचा फोम

दोन गिझरना दोन ‘एरोजेल जॅकेट’, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या अतिहलक्या पदार्थाची गुंडाळी, प्रत्येकी 5,400. बसवायचे 700. अनुदानाची ‘प्रोसेसिंग फी’ 1,180. एकूण 12,680 रुपये. आकडे मुद्दाम लिहितेय, कारण नाशिकमधल्या आमच्याच सोसायटीत आणखी काही घरांनी पैसे दिलेत आणि लाजेपोटी सगळे गप्प आहेत.

जॅकेट विकणारा मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून आलेला, तोंडात सतत ‘मॅडम, मॅडम’. पांढऱ्या तुकड्याखाली लायटर धरून वर बोट ठेवायला लावलं. चटका नाही. तो तुकडा खरा असेलही, एरोजेल असंच असतं. मग तापमान मोजायची बंदूक काढली. गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या (सीपीव्हीसी) पाइपवर रोखली: 58. जॅकेट चढवून त्याच्या चकचकीत फॉइलवर रोखली: 27. चकचकीत पृष्ठभागावर ही बंदूक फसते, आजूबाजूच्या भिंतींचंच तापमान दाखवते. आणि मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय!

पण खरं कळायला हवं होतं ते त्याच्याही आधी. गिझर तापून बंद झाला होता, मी स्वतः त्याच्या अंगाला हात लावला. धड कोमटही नाही. बाहेरून गार, मग उष्णता पळतेय कुठून? आतल्या टाकीभोवती कंपनीनेच उष्णता अडवणारा पीयूएफ फोम भरलेला असतो, हे मला ठाऊक होतं हो! प्रश्न ओठांवर आला होता. तेवढ्यात त्याने पीएम सूर्यघर या सरकारी योजनेचं नाव घेतलं, ‘30 टक्के थेट खात्यात’. शेजाऱ्यांच्या खात्यात सौरचे 78,000 खरोखर आले होते, मग संशय घ्यायचा कशावरून? ते अनुदान छतावरच्या सौर पॅनेलचं. गिझरला गुंडाळायच्या गोधडीचं नव्हे.

15 लिटर पाणी 25 वरून 65 अंशांवर न्यायला सुमारे 0.7 युनिट लागतंच, जॅकेट त्यातलं काही वाचवत नाही. वाचली तर साठलेल्या पाण्यातून झिरपणारी उष्णता. ती किती, हे गिझरच्या स्टार लेबलवर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून छापलेलं असतं, वाचा. आंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्यांचं त्यात वाचणार काय?

बिल तसूभर हललं नाही तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आत पॅकिंगचा फोम, वर चंदेरी कागद, तोही थर्मोस्टॅटच्या झाकणावरून गुंडाळलेला. “काकू, आधी काढा हे, पेटेल एखाद दिवशी.”

पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” अर्ज घेतला, पोच मागितली तर “उद्या या”. उद्या गेले तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत उत्तर, “पिन तुम्हीच टाकलात.” वीज कार्यालयात तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता “योजना आमची नाही” म्हटलं आणि पुढच्याला बोलावलं. म्हातारीने चपला झिजवायच्या, आणि तो पुढच्या कॉलनीत बंदूक रोखत फिरणार!

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा, मी उशीर केला. अनुदानासाठी आधी पैसे मागितले की दार लावा. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा: 15 अक्षरं, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात 27 ने. माझ्या बिलावर 13 निघाली.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, तक्रार लिहून तयार आहे. पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावरच्या पत्त्यावर रसवंतीगृह आहे.