पावसाळी लेट्यूसला दिवे: सोडियम, जांभळे की पांढरे?

महाबळेश्वर-पाचगणीच्या पॉलिहाउसमध्ये जुलै-ऑगस्टात लाल लेट्यूस हिरवट निघतो. धुकं असतंच, वर यूव्ही (अतिनील किरण) अडवणारा २०० मायक्रॉनचा प्लास्टिक पेपर. लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. तो निळ्या आणि यूव्ही-ए उजेडावर चढतो. एका पानावर दुसरं टेकलेलं असेल तिथे खालच्या पानावर हिरवा ठसा तसाच राहतो.

पीकभर दिवे जाळू नका, परवडणार नाही. काढणीआधीच्या तीन रात्री पुरतात. रात्रभर उजेड मिळाला की पान साठलेलं नायट्रेट वापरतं, साखर आणि क जीवनसत्त्व वाढतं. मात्र त्याच दिवसांत ड्रिपमधून कॅल्शियम नायट्रेट चालूच ठेवलं, तर एका हाताने काढायचं आणि दुसऱ्याने भरायचं.

हिशेब एका गुंठ्याचा, म्हणजे साधारण १०० चौरस मीटरचा. दर चौरस मीटरला सेकंदाला १५० मायक्रोमोल (पिकाला उपयोगी प्रकाशकणांचं माप) हवेत. प्रति ज्यूल २.५ मायक्रोमोल देणाऱ्या पांढऱ्या एलईडीला ६ किलोवॅट लागतात. १२ तासांच्या तीन रात्रींना २१६ युनिट. सोडियम दिवा १.७ देतो, म्हणजे जवळपास ३१८ युनिट. शिवाय त्यात निळा अगदी थोडा, त्यामुळे रंग चढतच नाही. वीज झटका देऊन गेली की गरम सोडियम थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

लाल-निळे म्हणजे जांभळे एलईडी युनिटमागे सरस. पण त्या उजेडात सगळा वाफा काळपट दिसतो. केवड्याचे (डाउनी मिल्ड्यू या बुरशीजन्य रोगाचे) पिवळे ठिपके पसरेपर्यंत कळत नाहीत. लक्स मीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने उजेड मोजतो, त्यामुळे तोही तिथे फसवतो. आमचा कौल पांढऱ्याला, ५००० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप) किंवा वरचा. ३००० वाल्यात निळा कमी. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) आयपी ६५ म्हणजे धूळ-पाणी न शिरणारा आणि सर्ज प्रोटेक्शनवाला, म्हणजे विजेचा झटका सोसणाराच घ्या.

वाईकडची रंगीत ढोबळी, टोमॅटो यांना हा खर्च नको. आधी पेपर धुवा. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडतात. मिरज-तासगावच्या पट्ट्यात उन्हाळ्यात शेडनेट ओढावं लागतं, तिथे दिव्यांचा प्रश्नच नाही.

ऑक्टोबरातही दिवे चालणार असतील तर शेजारची स्ट्रॉबेरी बघा. विंटर डॉन या जातीला फुलोऱ्यासाठी लांब रात्र लागते. वाफे आलटून-पालटून उजळत राहिलात तर तिच्यावर रोजच मंद उजेड पडतो, फुलं लांबतात आणि धावते वेल सुटतात. त्या बाजूला काळा पडदा लावा.