स्पीकर चालवणाऱ्या अँपसाठी (अँप्लिफायर) विजेची वेगळी लाईन ओढून घेतली, बडोद्यातला अनुभव
दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, वायरिंग आजोबांच्या वेळचं, फ्रिज सुरू झाला की स्पीकरमधून टक् यायचंच आणि मागे बारीक घूं कायम. शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मेन बोर्डापासून अँपपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग करून घेतलं. काम एकदम चोख, एका दिवसात, भिंतीची खाच पण त्यांनीच बुजवली. टक् जवळपास गेलं. घूं मात्र तशीच! ती येत होती सेट टॉप बॉक्सच्या केबलमधून, ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेली की येणारी घूं, केबल काढली की गप्प, म्हणून नवीन फ्लॅटवाल्यांनी आधी हे बघा, खर्च वाचेल. भीमसेनजींचा आवाज गोड झाला का? नाही हो, तसाच आहे, फक्त तानपुऱ्यामागे आता काही खुपत नाही आणि मला तेच हवं होतं.