मटन स्ट्रीटवरची रेकॉर्ड-खरेदी: एकट्याने जाऊ नये

मुंबईत भेंडी बाजाराला लागून असलेल्या चोर बाजारात मटन स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे आणि त्या गल्लीत जुन्या फर्निचरच्या, पितळी दिव्यांच्या आणि सिनेमाच्या जाहिरातींच्या दुकानांमध्ये ग्रामोफोनच्या रेकॉर्ड विकणारे काही जण बसतात. गेली सहा वर्षे मी तिथे साधारण महिन्यातून एकदा जातो. हे परीक्षण कोणा एका दुकानाचे नसून सबंध गल्लीचे आहे, कारण तिथे माल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात इतका सहज फिरतो की दुकानवार भेद करण्यात फारसा अर्थ नाही. माझे मत आधीच सांगतो. केवळ स्वतःच्या कपाटात भर घालायची असेल, तर ही गल्ली महाग, धुळकट आणि बेभरवशाची आहे. परंतु ज्याच्याजवळ रेकॉर्डची अदलाबदल करणारे चार गाते-वाजवते मित्र आहेत, त्याच्यासाठी मुंबईत याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

आमचा अदलाबदलीचा गट चौघांचा आहे. एक मित्र संवादिनी वाजवतो, दुसरा तबला, तिसरा मूळचा गोव्याचा असून वांद्र्याला राहतो आणि बास गिटार वाजवतो. चौथा मी, मला यातले काहीच येत नाही, मी फक्त ऐकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या घरी प्रत्येकाने दोन रेकॉर्ड आणायच्या, दुसऱ्यांच्या दोन घरी न्यायच्या आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी परत आणायच्या, इतकीच रीत आहे. देणाऱ्याने रेकॉर्डविषयी आधी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम मात्र कडक आहे. नेमके काय ऐकायचे हे आधीच सांगितले गेले की घेणारा तेवढेच ऐकतो, असा तबलजींचा आग्रह, आणि तो खरा आहे.

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हापासून मुंबईत रेकॉर्ड चाळत तास-दोन तास घालवण्याची सवय असलेल्या माणसांची पंचाईत झाली. नव्या छपाईच्या एल.पी., म्हणजे मोठ्या व्हिनाइल तबकड्या, आता घरपोच मिळतात, पण त्यांत आपण जे मागतो तेच येते. मटन स्ट्रीटवर आपण जे मागतो ते बहुधा नसते आणि जे कधी मागितले नसते ते हाती लागते. मध्य रेल्वेने यायचे असेल तर सँडहर्स्ट रोड, पश्चिम रेल्वेने यायचे असेल तर ग्रँट रोड. दोन्हीकडून चालत येता येते. शुक्रवारी गल्लीतली नेहमीची दुकाने बहुतांशी बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. त्या दिवशी रेकॉर्डसाठी जाण्यात हशील नाही. शनिवारी अकराच्या सुमारास जावे; बाराच्या आत गल्लीत ऊन आणि हातगाड्या दोन्ही वाढतात.

माल कसा ठेवलेला असतो, हे सांगितलेच पाहिजे. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या असतात, म्हणजे त्या वाकत नाहीत, हे रेकॉर्ड बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. इथे मात्र त्या एकावर एक अशा थप्प्यांमध्ये पडलेल्या असतात आणि सर्वांत खालच्या थराची अवस्था करुण असते. त्यामुळे रेकॉर्ड कव्हरमधून काढली की ती आधी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने पाहावी, वाक असेल तर लगेच दिसतो. मग खिशातली छोटी बॅटरी पेटवून तिरक्या उजेडात पृष्ठभाग न्याहाळावा. केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नये, त्या बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. पण जी चीर नखाला लागते ती सुईलाही लागतेच. पांढुरके ठिपके दिसले तर ती मुंबईच्या दमटपणाने धरलेली बुरशी असते आणि ती पुष्कळदा धुऊन जाते. सर्वांत फसवी असते ती झीज. जाड, बोथट सुईखाली शंभर वेळा वाजलेली रेकॉर्ड दिसायला चकचकीत असू शकते आणि वरच्या सप्तकात आवाज चढला की मात्र ती फाटल्यासारखी वाजते. त्यावर डोळ्यांचा इलाज नाही, ती वाजवूनच पाहावी लागते. काही दुकानांत प्लेअर असतो, काहींत तो ‘अभी-अभी बिगडा’ असतो.

अशाच एका दुकानात, ज्याचे नाव मी घेणार नाही, मी दोन वर्षांपूर्वी एका हिंदी चित्रपटाची एल.पी. साडेचारशे रुपयांना घेतली. कव्हर सुरेख होते, आत रेकॉर्डही होती, प्लेअर नेमका बिघडलेला होता आणि मला घाई होती. घरी येऊन पाहतो तो कव्हर एका रेकॉर्डचे आणि आत तबकडी दुसरीच. तबकडीच्या मधल्या लेबलवरचे अक्षर वाचण्याइतकेही भान मी दुकानात ठेवले नव्हते, तेव्हा चूक माझीही होतीच. पुढच्या शनिवारी परत गेलो तर मालक शांतपणे म्हणाले, ‘‘साहब, गाना तो है ना अंदर?’’ पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खरेदीत शंभर रुपये कमी करण्याचे तोंडी आश्वासन तेवढे मिळाले आणि ते पाळलेही गेले.

आत निघाली होती ती बिस्मिल्ला खाँ आणि व्ही. जी. जोग यांची शहनाई-व्हायोलिन जुगलबंदी. मी ती एकदा वाजवली, बरी वाटली आणि नाराजीतच रविवारी अदलाबदलीच्या गठ्ठ्यात टाकली. ती तबलजींकडे गेली. महिनाभराने त्यांनी ती माझ्यासमोर लावली आणि मला फक्त एकच गोष्ट ऐकायला सांगितली: शहनाई श्वासासाठी कुठे थांबते आणि ती जागा व्हायोलिनचा गज कशी भरून काढतो. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, गज चालवणाऱ्याला तशी सक्ती नसते. जोगांनी या फरकाचा कुठेही डौल मिरवलेला नाही, ते केवळ मोकळी झालेली जागा सांभाळतात आणि शहनाई परतली की तिला वाट करून देतात. पहिल्या ऐकण्यात मला दोन वाद्ये एकामागून एक वाजताना ऐकू आली होती. साडेचारशे रुपयांत मी चुकीची रेकॉर्ड विकत घेतली होती. ती कशी ऐकायची हे तबलजींकडून महिनाभराने फुकट मिळाले. एकट्याने जाऊ नये असे मी म्हणतो ते यासाठीच.

या गल्लीत शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड शोधण्याला आणखी एक अर्थ आहे, तो मला फार उशिरा कळला. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात येऊन राहिले आणि त्यांच्या गाण्याला भेंडीबाजार घराणे हे नाव पडले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँ यांच्याकडे शिकल्या. छज्जू खाँ यांचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी काही काळ तालीम घेतली. आणि उस्ताद अमीर खाँ यांच्या गाण्यातल्या मेरुखंडाचे, म्हणजे मोजक्या स्वरांची क्रमाक्रमाने उलटापालट करीत जाण्याच्या पद्धतीचे, नाते जाणकार याच घराण्याशी जोडतात. एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली अमीर खाँसाहेबांची एच.एम.व्ही.ची एल.पी. मला मटन स्ट्रीटवरच मिळाली. गाणे जिथून निघाले त्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर ती भंगारातल्या पंख्याखाली दबलेली होती.

ती रेकॉर्ड पेटीवाल्या मित्राकडे गेली आणि तीन महिने परत आली नाही. नियमभंगाबद्दल त्याला दोनदा चहा पाजावा लागला. संवादिनीवर मारवा वाजवणे म्हणजे हात बांधून पोहणे, असे तो म्हणतो, कारण या रागात पंचम वर्ज्य, षड्जावर टेकायचे टाळायचे आणि कोमल रिषभ व धैवत या दोन खांबांवर सारा डोलारा उभा करायचा. हे दोन्ही स्वर गायक ज्या ठिकाणी लावतो ते ठिकाण पेटीच्या पट्टीवर तंतोतंत सापडत नाही. खाँसाहेब झुमरा तालाच्या चौदा मात्रांमध्ये अतिविलंबित लयीत षड्जाला किती वेळ ताटकळत ठेवतात, हे त्याने घड्याळ लावून मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. ‘‘मोजत बसलो की ऐकू येत नाही,’’ असे तो मला म्हणाला. रेकॉर्डची पहिली दोन मिनिटे खरखरतात. ती खरखर आता आम्हा चौघांना पाठ आहे.

अदलाबदलीतून कळलेल्या गोष्टींपैकी सर्वांत मजेची मात्र बासवाल्या मित्राच्या रेकॉर्डमुळे कळली. त्याने आणलेली रेकॉर्ड होती अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’, तीही जुन्या छपाईची. नियमाप्रमाणे तो गप्प बसला. पहिली बाजू सुरू होताच पेटीवाल्याने सवयीने पेटीवर सूर धरला आणि त्याचा चेहरा आंबट झाला: सूर पट्टीशी जुळेना, रेकॉर्ड जेमतेम एखाद्या श्रुतीएवढी, म्हणजे अगदी बारीक फरकाने, चढी वाजत होती. साहजिकच संशय माझ्या प्लेअरवर आला. माझ्याजवळ वेग तपासायची कागदी चकती आहे; आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांना, तिच्यावरच्या १८० रेषा जागच्या जागी स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडी दिवा त्या कामाचा नाही, म्हणून आईच्या खोलीतला निऑनचा जुना झिरोचा दिवा आणून लावला. रेषा ठार स्थिर होत्या. मग दुसरी बाजू लावली, तर ती पेटीशी बरोब्बर जुळली.

तेव्हा कुठे बासवाल्याने तोंड उघडले. या संगीताचे ध्वनिमुद्रण दोन बैठकांमध्ये झाले, मार्च आणि एप्रिलमध्ये. मार्चच्या बैठकीत मुख्य फीत असलेले यंत्र किंचित संथ चालत होते, त्यामुळे ती फीत योग्य वेगाच्या यंत्रावर लावली की संगीत किंचित चढे वाजते, आणि पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच बैठकीतल्या आहेत. ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली; तोवर तेहेतीस वर्षे जगभरच्या वादकांनी त्या रेकॉर्डबरोबर सराव करताना आपली वाद्ये गुपचूप चढवून घेतली असणार. दुरुस्त केलेली नवी छपाई ऐकूनही बासवाला जुनीच पसंत करतो. मला तो हट्ट वाटतो, पण जुन्या छपाईची ही रेकॉर्ड त्याला मटन स्ट्रीटवर सहाशे रुपयांना मिळाली होती, हे लक्षात घेतले तर हट्ट परवडण्याजोगा आहे.

दरांविषयी थोडक्यात. मला साध्या चित्रपटांच्या एल.पी. तीनशे ते सहाशेत मिळाल्या आहेत, शास्त्रीय संगीताच्या पाचशे ते दीड हजारात. सत्तरच्या दशकातल्या काही लोकप्रिय हिंदी चित्रपटांसाठी परदेशी संग्राहक येतात, त्यामुळे तिथे हात लावण्यात अर्थ नाही. पहिल्या बोलीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि घासाघीस करताना एका रेकॉर्डवर खिळून राहू नये, चार एकत्र घ्याव्यात. मराठी नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या सात इंची रेकॉर्ड अजून दीडशे-दोनशेत मिळतात. त्यांना तिथे कोणी विचारत नाही, याचे मला वाईटही वाटते आणि बरेही. लाखेच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या हौसेपोटी घ्यायच्या असतील तर त्या ठिसूळ असतात, लोकलच्या गर्दीतून नेऊ नयेत. शिवाय त्यांना एल.पी.ची सुई लावू नये, त्यांच्या खाचा रुंद असतात.

घरी आल्यावर धुणे अनिवार्य आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबर फडके, खाचांच्या दिशेने गोलाकार पुसणे, मग नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा एकदा. स्पिरिट वापरायचे असेल तर ते फक्त व्हिनाइलवर. लाखेच्या तबकडीवर ते पडले तर लाख विरघळते. मूळचे कागदी आतले पाकीट फेकू नये, पण रेकॉर्डही त्यात परत घालू नये. प्लॅस्टिकचे अस्तर असलेले नवे पाकीट वीस-पंचवीस रुपयांत येते.

गल्लीत बसायला जागा नाही, स्वच्छतागृह नाही आणि पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या कव्हरांना जो वास येतो तो कपड्यांना घरापर्यंत सोडत नाही. मालक मंडळी मात्र, एकदा ओळख झाली की, फोन करून सांगतात: ‘‘क्लासिकल का लॉट आया है, शनिवार को आओ।’’ आता मी एकटा जात नाही. पेटीवाला बरोबर असतो, तो दुकानातल्या प्लेअरवर सुई ठेवल्याबरोबर झीज ओळखतो आणि किमतीच्या वेळी मला बाहेर उभे करतो, कारण मला रेकॉर्ड आवडली की ते माझ्या तोंडावर दिसते.

जोग-बिस्मिल्ला खाँची ती रेकॉर्ड तबलजींनी गेल्या दिवाळीत पुन्हा नेली, ती अजून परत आलेली नाही. येत्या शनिवारी तिचीच दुसरी प्रत शोधायला जाणार आहोत. या वेळी लेबल वाचून घेऊ.