सिरॅमिकचे पैसे घेतले, दातांवर काँपोझिट चढवलं

सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीची फसवणूक झाली. लग्नसराईच्या आधी पुढचे दात करून घेणारे बरेच असतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

गाडीवरून पडल्याने तिच्या पुढच्या दोन दातांचे कोपरे उडाले होते. डॉक्टर म्हणाले, "दोनच केले तर वेगळे उठून दिसतील. वरचे सहाही करू. सिरॅमिकची व्हिनियर्स बसवतो, दहा वर्षं बघायला नको." व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर बसवायचं पातळ कवच. दाताला नऊ हजार, म्हणजे चोपन्न हजार भरले. पावतीवर नुसतं 'कॉस्मेटिक ट्रीटमेंट'.

सगळं काम एका दुपारी उरकलं. ना दातांचं माप घेतलं, ना स्कॅन. दात मशीनने घासले, मऊ पेस्टचे थर लावले, प्रत्येक थरावर निळा लाइट मारला आणि शेवटी पॉलिश. ही रीत काँपोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मटेरियलची. सिरॅमिकचं व्हिनियर मापावरून लॅबमध्ये घडवतात आणि तयार झाल्यावर दातावर चिकटवतात. काही ठिकाणी ते दवाखान्यातल्या मशीनवरच त्याच दिवशी कापून काढतात, पण त्यालाही आधी स्कॅन लागतोच.

काही महिन्यांत कडा पिवळ्या पडल्या. चहाचे, हळदीचे डाग काँपोझिटला धरतातच, पॉलिश कच्चं असेल तर लवकर धरतात. सांगलीच्या घरात हळद टाळायची कशी? मग एका दाताचा टवका उडाला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांकडे गेलो तर उलट तिलाच ऐकवलं, "तुम्ही ब्रश नीट करत नाही."

मिरजेतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ताई, हे सिरॅमिक नाही." हिरडीलगत जास्तीचं मटेरियल तसंच सोडलं होतं, त्यात अन्न अडकून हिरडी सुजत होती. त्यांच्याकडे याच कामाचा दर दाताला अडीच हजार.

पैशांचं दुःख आहेच, पण खरा संताप येतो तो चार धडधाकट दात घासले याचा. काँपोझिटसाठी पुष्कळदा दात घासावाच लागत नाही, लागला तर अगदी थोडा. एकदा गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचा कठीण थर, पुन्हा येत नाही. पोरगी आज थंड पाणी प्यायली तरी कळवळते.

काँपोझिट वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. कोपरा उडालेल्या दाताला ते चांगलं, टवका गेला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. तिच्या दोन दातांना तेवढंच पुरलं असतं.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये 'सिरॅमिक' असं स्पष्ट लिहिलंय, ते जपून ठेवलंय. दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी रिपोर्ट आणि फोटोही घेतलेत. नुसती चौकशी करायची असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

तुम्ही जाणार असाल तर किती दात, कोणतं मटेरियल, दाताला किती पैसे आणि दात किती घासणार, हे पैसे भरण्याआधी कागदावर लिहून घ्या. सिरॅमिक सांगितलं असेल तर कोणत्या लॅबमधून येणार तेही विचारा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे दाताला हात लावू देऊ नका.