मुंबईहून की सिंगापूरहून? क्रूझच्या भाड्यापलीकडचा हिशोब

दिवाळी-नाताळच्या सुट्टीचं बोलणं सुरू झालं की क्रूझचा विषय निघतो, आणि मुंबई-पुण्याच्या घरांत तो बहुतेक वेळा दोन पर्यायांवर येऊन अडतो. एक म्हणजे मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट. दुसरा म्हणजे विमानाने सिंगापूर गाठून तिथून घ्यायची मोठी बोट, रॉयल कॅरिबियनची किंवा ‘गेंटिंग ड्रीम’. लोक दोन्हींच्या जाहिरातींतले आकडे शेजारी शेजारी ठेवतात आणि भांडत बसतात. ते आकडे आता फारसं काही सांगत नाहीत, हे या लेखाचं मुख्य म्हणणं.

मराठी सहल कंपन्या सिंगापूर-मलेशियाच्या सहलीत स्टार क्रूझच्या दोन रात्री जोडायच्या, ‘सुपरस्टार व्हर्गो’च्या जिन्यावर उभं राहून फोटो काढले जायचे, त्या काळी एकदा पैसे भरले की दारू आणि कॅसिनो सोडून फारसं काही द्यावं लागायचं नाही. आज क्रूझचं भाडं मंगल कार्यालयाच्या भाड्यासारखं झालं आहे: हॉल मिळाला, पण वीज, सफाई, जनरेटर, आचारी यांचं बिल निघताना कळतं. तेव्हा तुलना करायची तर बोटीवरून उतरताना हातात पडणाऱ्या बिलाची करायची.

आधी बोटींविषयी थोडक्यात. ‘एम्प्रेस’ १९९० ची, फ्रान्समधल्या सेंट नाझेरला बांधलेली. पूर्वीचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. रॉयल कॅरिबियनने ती मुळात तीन-चार दिवसांच्या छोट्या फेऱ्यांसाठीच बांधून घेतली होती. मुंबईहून ती कॉर्डेलियाच्या नावाने सप्टेंबर २०२१ पासून धावते. आकार ४८ हजार टनांच्या आसपास. ‘गेंटिंग ड्रीम’ २०१६ ची, सुमारे दीड लाख टनांची. रॉयल कॅरिबियनच्या सिंगापुरात आलेल्या ‘अँथम’सारख्या बोटी १ लाख ६८ हजार टनांच्या. (हा टन वजनाचा नसतो, बोटीच्या आतल्या एकूण जागेचं ते माप आहे.) म्हणजे एम्प्रेसच्या तिप्पट-साडेतिप्पट जागा. घरात दहा ते सोळा वयाची मुलं असतील तर हा फरक ती तुम्हाला पहिल्याच संध्याकाळी जाणवून देतील. तिकडे ‘अँथम’सारख्या बोटीवर बंपर कार आणि हवेच्या झोतावर तरंगायचं यंत्र आहे, इकडे पोहण्याचा तलाव, चढायची भिंत आणि रात्रीचे शो.

खर्चाचा ढोबळ फरक सगळ्यांना कळतो. मुंबईच्या बोटीला विमान नको, व्हिसा नको, परकीय चलन नको. देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र चालतं. सिंगापूरसाठी साडेपाच तासांचं विमान, व्हिसा आणि बोटीच्या आदल्या रात्रीचं हॉटेल धरावं लागतं. सकाळच्या विमानाने उतरून दुपारी बोट पकडायचा बेत कागदावर छान दिसतो, पण विमान चार तास लांबलं तर बोट थांबत नाही. शिवाय परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, तोवर पैसे अडकून राहतात.

खरा बदल टिपमध्ये झाला आहे. रॉयल कॅरिबियनवर साध्या खोलीतल्या प्रवाशाला २०१८ मध्ये दर दिवशी माणशी १४.५० डॉलर पडायचे. आता १८.५० पडतात. डॉलरमध्ये ही वाढ २८ टक्क्यांच्या आत आहे. आपल्यासाठी मात्र रुपयाही मधल्या काळात घसरला. २०१८ च्या सुरुवातीला डॉलर ६४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिवसाचे साधारण ९३० रुपये. आज डॉलर ९० रुपये धरला तर तीच टिप १,६६५ रुपये होते. चौघांचं कुटुंब, चार रात्री: २९६ डॉलर, म्हणजे २६,६४० रुपये. हा आकडा जाहिरातीत नसतो. आधी भरला नाही तर तो बोटीवरच्या खात्यात रोज आपोआप चढत जातो.

मुंबईच्या बोटीवर हे होत नाही असं नाही. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी इथेही मूळ भाड्यावर चढतात आणि बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसतात. फरक इतकाच की ते रुपयांत असतात आणि बोटीवर चढण्याआधी कळलेले असतात. म्हणून दर विचारताना ‘ऑल इन्क्लुझिव्ह आहे का’ असं विचारू नका, एजंट ‘हो’ म्हणणारच. ‘चौघांचे सगळे कर आणि टिप धरून एकूण किती’ असं विचारा आणि ते लिहून घ्या.

इंटरनेट आणि दारू ही उरलेली दोन भोकं. २०२२ पासून रॉयल कॅरिबियनने बोटींवर स्टारलिंक हे उपग्रहावरचं इंटरनेट बसवायला घेतलं. वेग खरोखर सुधारला, पण त्याचे एका फोनमागे दिवसाला वीसेक डॉलर किंवा त्याहून जास्त जातात. दारूच्या पॅकेजला तिथे एक अट आहे: खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आपल्याकडे बहुतेक जोडप्यांत एकच जण पितो, तेव्हा सुटे ग्लास घेतलेले परवडतात. आणि दोन्हीकडे लागू पडणारी सूचना: किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाका. बोटीवरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं, आणि त्यावर चुकून आलेल्या एका व्हिडिओ कॉलचं बिल महिनाभर डोक्यात राहतं.

मग क्रूझ महागली का? खिडकी नसलेल्या आतल्या खोलीपुरतं बोलायचं तर तितकीशी नाही. सिंगापूरमधल्या बऱ्या हॉटेलची खोली आणि तीन वेळचं बाहेरचं जेवण धरलं तर बोट अजूनही महाग वाटत नाही. दर दोन माणसांच्या हिशोबाने असतो, त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला स्वस्त पडतं. एकट्याने जाणाऱ्याला मात्र जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं, आणि हा अन्याय दोन्हीकडे आहे.

जेवणाचं काय झालं, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी माणूस क्रूझवरून आला की आधी तेच सांगतो. मोठ्या कंपन्यांनी जेवण बंद केलं नाही, त्याचे थर पाडले. पूर्वी मुख्य भोजनगृहात मागाल ते आणि मागाल तितकं मिळायचं. आता कार्निव्हल कंपनीच्या बोटींवर तिसऱ्या मुख्य पदार्थापासून पाच डॉलर लागतात. रॉयल कॅरिबियनवर खोलीत जेवण मागवलं तर २०१७ पासून दर खेपेला शुल्क आहे, फक्त सकाळचा साधा नाश्ता फुकट. लॉबस्टर खास रात्रीच, आणि पहिल्यानंतर पैसे. मध्यरात्रीचा बुफे, ज्याचे फोटो एके काळी नातेवाइकांना दाखवले जायचे, तो जवळपास इतिहासजमा झाला. ज्याला पूर्वीसारखं जेवायचं असेल त्याने स्टेकहाऊस, जपानी, इटालियन अशा पैशाच्या रेस्टॉरंटांत जावं, अशी ही व्यवस्था.

शाकाहारी माणसाला या कपातीची झळ कमी लागते. त्याचं लॉबस्टरशी काही देणंघेणं नाही. त्याचा प्रश्न वेगळा: मला पोटभर मिळेल का? सिंगापूरच्या बोटींवर मिळतं. ‘गेंटिंग ड्रीम’ भारतीय गिऱ्हाइकावर बऱ्यापैकी अवलंबून आहे, त्यामुळे तिच्या ‘लिडो’ बुफेत भारतीय पदार्थ असतात आणि जैन जेवणाचीही सोय आहे. रॉयल कॅरिबियनच्या ‘विंडजॅमर’ बुफेत डाळ-भाजी-भात असतो, आणि मुख्य भोजनगृहात पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून सांगितलं तर पुढचे दिवस ताटात काहीतरी भारतीय येतं. पण ते ‘भारतीय’ म्हणजे पनीर, छोले आणि पिवळी डाळ. तिसऱ्या दिवशी आजोबा दही-भातावर येतात.

‘एम्प्रेस’ची खरी ताकद इथे आहे. जैन आणि शाकाहारी जेवण इथे मागून घ्यावं लागत नाही, ते मूळ बेतातच असतं. एक-दोन खास रेस्टॉरंटं सोडली तर सगळं भाड्यात. सकाळी पोहे-उपमा-इडली, आणि चहा चहासारखा. हा शेवटचा मुद्दा कुणाला क्षुल्लक वाटेल; ज्याने चार दिवस कोमट पाण्यात पिशवी बुडवून काढली आहे त्याला वाटणार नाही. कमी पडतं ते वैविध्य आणि जागा. शुक्रवारी सुटणाऱ्या भरलेल्या फेरीत बुफेसमोर रांग लागते आणि टेबल धरायला घरातलं एक माणूस बसवावं लागतं. मधल्या वारांची फेरी मिळाली तर तेच जेवण निवांत होतं.

सेवेत सगळ्यात मोठी घट मला खोलीच्या साफसफाईत दिसते. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या दोन्ही कंपन्यांनी महासाथीनंतर साध्या खोल्यांची रोजची दोनदा होणारी सफाई एकदावर आणली. त्यामुळे संध्याकाळी जेवून आल्यावर उशीजवळ चॉकलेट आणि पलंगावर टॉवेलचा हत्ती ही जुनी गंमत बरीचशी गेली. माणसाऐवजी ॲप आलं: शोचं बुकिंग, मेनू, दिवसभराचा कार्यक्रम सगळं फोनवर. पूर्वी हे छापील पत्रक रोज रात्री दाराशी यायचं. ज्यांना वाचायला चष्मा आणि फोन चालवायला नातवंड लागतं, त्यांच्यासाठी ही गैरसोय आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद सुधारली. सुरक्षेच्या कवायतीसाठी पूर्वी सगळ्या बोटीला एकाच वेळी डेकवर ताटकळावं लागायचं. आता मोठ्या बोटींवर व्हिडिओ फोनवर पाहायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची.

तरीही मोठ्या बोटींवरचे लोक कामात तयार असतात. यात आपल्याकडच्यांचा वाटा जुना आहे. गोव्यातले तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे लोक, इंग्रजी अमलापासून प्रवासी बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून जात आले आहेत, आणि आजही सासष्टीतल्या कित्येक घरांतला मुलगा ‘बोटीवर’ असतो. सहा-नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. नावाच्या बिल्ल्यावर देश लिहिलेला असतो. ‘इंडिया’ दिसलं तर गाव विचारा. टिपेविषयी कुरकुर करताना हेही ध्यानात असू द्या की त्यांच्या कमाईचा मोठा भाग त्यातूनच येतो. ती रक्कम रिसेप्शनवर जाऊन कमी करून घेण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मुंबईच्या बोटीवर हिंदीत काम भागतं, आजीला स्वतः काही मागता येतं. ही सोय मी सिंगापूरच्या शिस्तीपेक्षा वर धरतो. पण खोल्या १९९० च्या मापाच्या आहेत. बाल्कनीच्या मोजक्याच, आणि न्हाणीघरात वळायला जपावं लागतं. शनिवार-रविवारच्या फेरीत ऑफिसांचे घोळके आणि डीजे असतात. शांतपणे समुद्र बघायचा असेल तर ती फेरी टाळा.

बंदरांविषयी एवढंच. मुंबईच्या जाहिरातीत ‘हाय सीज’ लिहिलेली फेरी कुठेही थांबत नाही, नुसती समुद्रात जाऊन येते. गोव्याची फेरी मुरगावला लागते. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, म्हणजे हातात काही तास. लक्षद्वीपची पाच रात्रींची फेरी या सगळ्यांत उजवी, पण बेटावर छोट्या होड्यांनी उतरावं लागतं आणि लाट मोठी असेल तर उतरणं रद्द होतं. गुडघेदुखी असलेल्यांनी याचा आधी विचार करावा. सिंगापूरहून पेनांग, फुकेत किंवा क्वालालंपूरजवळचं पोर्ट क्लांग. बोट सिंगापूर सोडून परत येते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते तपासा.

माझा कौल असा. पहिलीच क्रूझ, सोबत साठीपुढचे आई-वडील, घरात जैन किंवा कांदा-लसूण न खाणारं कुणी: मुंबई, मधल्या वारी, जमलं तर लक्षद्वीप. मुलं मोठी आहेत आणि सिंगापूर तसंही बघायचं आहे: गेंटिंग ड्रीम, तीन-चार रात्री. रॉयल कॅरिबियन तेव्हाच, जेव्हा तुम्हाला बोटीवरचे खेळ आणि शो हेच मुख्य आकर्षण असेल. नाहीतर डॉलरची टिप आणि बाकीचे जादा खर्च खुपत राहतील. फक्त दोन रात्री हाताशी असतील तर सिंगापूरचा विचारच सोडा.

पैसे भरण्याविषयी मी जरा भित्रा आहे, आणि त्याला कारण आहे. मुंबईहून ‘कर्णिका’ चालवणारी जलेश क्रूझेस एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये बंद पडली. बोट अलंगला भंगारात निघाली. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी बुडाली. तिची ‘गेंटिंग ड्रीम’ त्याच वर्षी जूनमध्ये नव्या कंपनीच्या नावाने परत आली. या धंद्यात मोठं नाव म्हणजे हमी नव्हे. वर्षभर आधी मिळणाऱ्या सवलतीसाठी पूर्ण रक्कम अडकवू नका, क्रेडिट कार्डाने भरा, आणि रद्द करण्याच्या अटीत पैसे परत मिळतात की पुढच्या फेरीचं कूपन, ते वाचा.

कॉर्डेलियाने ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ या दोन बोटी दीर्घ मुदतीने भाड्याने घेण्याचा करार केला आहे. ‘स्काय’ १९९९ ची, ७७ हजार टनांची. ती मुंबईहून नियमित धावू लागली की खोलीच्या मापाचा माझा आक्षेप बराचसा निकालात निघेल. पावसाळ्याचा प्रश्न मात्र राहील. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, या काळात मुंबईची बोट धरून बेत आखू नका. गणपतीच्या आसपासच जायचं असेल तर सिंगापूरहून बारा महिने बोटी सुटतात.